म्हार्दोळचं कपाट: काळ सापडला, मेस्त शोधायचा आहे

गोव्यात म्हार्दोळला मावशीकडे जे सागवानी कपाट आहे, त्याचा काळ आता साधारण १८८० ते १९१२ इतका आवळत आणला आहे. घरात ते 'दोनशे वर्षांचं' म्हणून ओळखलं जातं. पुढून पाहिलं तर कुणालाही ते पटेल: वर कोरीव मुकुट, खाली बाकदार पाय, पायांच्या टोकाला चेंडू धरलेला पंजा. असे पाय पोर्तुगालात अठराव्या शतकात, जुआंव पाचवा आणि जुजे पहिला या राजांच्या काळात घडत होते. पण गोव्यात नुसत्या घडणीवरून वय सांगू नये, हे माझं मत या कपाटानं आणखी पक्कं केलं. आपल्या मेस्तांनी, म्हणजे सुतारांनी, ही घडण पिढ्यान् पिढ्या चालू ठेवली. यजमानाला वडिलांच्या घरात होती तशीच खुर्ची हवी असे आणि मेस्त ती हुबेहूब करून देई. म्हणून मी आता वस्तूची पाठ आणि पोट आधी पाहतो, तोंड शेवटी.

कपाट भिंतीपासून हातभर पुढे ओढलं, खण काढले आणि बॅटरी फळीला जवळजवळ टेकवून आडवा उजेड टाकला. पाठीच्या फळ्यांवर करवतीच्या सरळ, कमीजास्त अंतराच्या रेघा दिसल्या. गोल पात्याच्या करवतीची कमानदार खूण कुठेच नाही. वय ठरवायचे युरोपातले तक्ते हाताशी धरले तर यावरून वस्तू एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातली ठरवता येते. इथे मात्र जपून. कोकणात आणि गोव्यात ओंडका उंचावर ठेवून एकानं वरून, एकानं खालून करवत ओढायची पद्धत विसाव्या शतकातही चालूच होती. खणांच्या कोपऱ्यातले डव्हटेल (एकमेकांत अडकणारे पंख्याच्या आकाराचे सांधे) हातानं कापलेले, प्रत्येकाची रुंदी वेगळी; त्यावरूनही काही सिद्ध होत नाही, कारण खेड्यातला मेस्त सगळं हातानंच करत असे. जुन्या पद्धतीची खूण गोव्यात वय सांगत नाही. नव्या पद्धतीची खूण मात्र सांगते, आणि तीही एकाच बाजूनं: 'याच्या आधीची नाही'.

ही नवी खूण बहुतेक वेळा धातूत सापडते. लाकूड इथलं, हात इथला, पण स्क्रू, कुलूप, चाकं बाहेरून आलेली, आणि कारखान्यांचा इतिहास नोंदलेला असतो. कपाटाच्या बिजागरीतला एक स्क्रू काढला. टोक अणकुचीदार, डोक्यावरची खाच बरोबर मधोमध, आटे एकसारखे. त्याआधीच्या स्क्रूंना टोक नसायचं; ते बोथट असत, खाच हातानं कापलेली म्हणून थोडी बाजूला सरकलेली असे. अणकुचीदार स्क्रूचं यंत्र १८४० च्या दशकात अमेरिकेत निघालं आणि इंग्लंडमधल्या नेटलफोल्ड या स्क्रू कारखानदारानं त्याचे हक्क घेऊन १८५४ मध्ये बर्मिंगहॅमकडे मोठा कारखाना उभारला. म्हणजे हा स्क्रू १८४० च्या दशकाआधीचा नक्कीच नाही.

पण स्क्रू मूळचाच कशावरून? यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला, कारण इथेच बहुतेकांची घाई होते. बिजागरीखालचं लाकूड फिकं होतं आणि त्या फिकेपणाची कड बिजागरीच्या कडेशी तंतोतंत जुळत होती. दुसऱ्या मापाच्या बिजागरीची सावली नाही, बुजवलेलं भोक नाही, खाचेत पटाशीचा दुसरा घाव नाही. म्हणजे ही बिजागरी पहिलीच. कुलपाच्या पट्टीवर मुकुट आणि व्ही आर ही अक्षरं आहेत, म्हणजे व्हिक्टोरिया राणीचा काळ, १८३७ ते १९०१. कुलूप दुकानात वर्षानुवर्षं पडून राहू शकतं, म्हणून त्यातून मी फक्त पहिला आकडा घेतो.

निर्णायक ठरले पाठीचे खिळे. ते गोल, तारेचे निघाले. असे खिळे फ्रान्समध्ये बरेच आधी निघाले होते, पण स्वस्त होऊन सर्रास मिळू लागले ते एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या वीसेक वर्षांत. प्रत्येक खिळ्याभोवती लाकूड काळं पडलं आहे आणि शेजारी जुन्या खिळ्याचं रिकामं भोक नाही. त्यामुळे कपाट १८८० च्या आधीचं असण्याची शक्यता मी फारच कमी धरतो.

'याच्या नंतरचं नाही' हे सांगणारा पुरावा लाकडात किंवा धातूत क्वचितच मिळतो. तो कागदात मिळतो, आणि या बाबतीत आपण गोवेकर नशीबवान आहोत. वारसाहक्काच्या वाटणीसाठी आपल्याकडे इन्व्हेंटारियोची कारवाई होते, पोर्तुगीज काळापासून. त्यात जमिनीबरोबर घरातली जंगम मालमत्ताही किमतीसह लिहिलेली असते. मावशीच्या सासरच्या १९१२ च्या इन्व्हेंटारियोची नक्कल पेटाऱ्यात होती. त्यात दोन दारांचं, कोरीव मुकुटाचं सागवानी कपाट नोंदलेलं आहे, आणि किंमत यादीतल्या इतर लाकडी सामानापेक्षा चांगलीच वर. घरात दुसरं असं कपाट नाही. जुन्या घरातलं सामान अभ्यासणाऱ्या प्रत्येकानं कपाट उघडण्याआधी असा कागद आहे का, ते विचारावं. खणाच्या तळाशी 'ओ हेराल्दो'चं पान अंथरलेलं होतं. ते दैनिक १९०० मध्ये सुरू झालं, पण अंथरलेला कागद वस्तू कधी वापरात होती एवढंच सांगतो.

पॉलिशची परीक्षा थोडक्यात सांगतो. आतल्या कोपऱ्यात स्पिरिटचा बोळा फिरवला, चपडा लाख विरघळली. चपडा लाखेचं पॉलिश आजही होतं, त्यामुळे ते वयाचा पुरावा नाही. पण वरून पॉलियुरेथेन, म्हणजे आजचं प्लास्टिकसारखं वार्निश, चढवलेलं नाही, एवढं समाधान.

त्याच घरातल्या सालात, म्हणजे दिवाणखान्यात, वाकवलेल्या बीच लाकडाच्या चार खुर्च्या आहेत. तिथे गोष्ट नेमकी उलटी: हात अनोळखी, कारखाना ओळखीचा. अशा खुर्च्या कारखान्यात काढणाऱ्या मिशाएल टोनेटची १४ नंबरची खुर्ची १८५९ ची. १८६९ मध्ये पेटंट संपलं आणि इतरांनी तशाच खुर्च्या काढल्या. अशा खुर्चीचं नाव बैठकीच्या कड्याच्या आतल्या बाजूला शोधायचं, डागलेला शिक्का किंवा कागदी चिठ्ठी. एका खुर्चीला अर्धी चिठ्ठी उरली आहे: कोन, व्हिएन्ना. याकोब आणि योझेफ कोन यांची कंपनी १९१४ मध्ये मुंडुस या दुसऱ्या कंपनीत मिसळली, म्हणून ही खुर्ची बहुधा १८७० ते १९१४ मधली. चिठ्ठीवर 'चेकोस्लोव्हाकिया' असतं तर १९१८ नंतरची ठरली असती. चिठ्ठी ओली करू नका, सोलू नका. आडव्या उजेडात मोबाईलनं फोटो काढा आणि कॉन्ट्रास्ट वाढवा, अक्षरं वर येतात.

कपाटाच्या मेस्ताचं नाव मात्र कुठेच नाही, आणि असणारही नव्हतं. मेस्त यजमानाच्या पडवीत बसून काम करी. शिक्का मारायचा तो कुणासाठी? तरीही हात ओळखता येतो असं मला मनापासून वाटतं. मुकुटातल्या प्रत्येक पानाची मधली शीर एकाच अर्धगोल पटाशीनं, तीन घावांत काढलेली आहे, आणि तिसरा घाव नेहमी डावीकडे वळतो. खणांच्या पाठी जोडणीसाठी पटाशीनं रेघा मारल्या आहेत, एक, दोन, तीन. बांदोड्याच्या एका घरातल्या देव्हाऱ्यावर तीच तीन घावांची पानं दिसली. दोन्हींचे ठसे पातळ कागदावर पेन्सिलीनं घासून घेतले आहेत. पटाशीची रुंदी जुळते. तिच्या धारेतली एक बारीक खोच दोन्हीकडे उमटली आहे का, ते अजून पाहायचं आहे.

देव्हाऱ्याचे खण सध्या पावसानं फुगून बसले आहेत, जोर लावला तर सांधा जाईल. दिवाळीनंतर लाकूड सुकलं की उघडू. कुणाकडे म्हार्दोळ, बांदोडे, कवळे भागातलं कोरीव काम असेल तर पानांच्या शिरा जवळून पाहा आणि आडव्या उजेडातला फोटो, शेजारी मोजपट्टी ठेवून, जरूर पाठवा. तोवर कपाटाला नवं पॉलिश करायचं नाही, हे मावशीकडून कबूल करून घेतलं आहे.