आजींच्या आडाला उन्हाळ्यात वास का येतो

शालिमारपासून चालत पाच-सात मिनिटांवर, गावठाणात, एक गॅरेज बरीच वर्षं कुलूप लावून पडलंय. मालक दोघे भाऊ. तिथं दोन मजली तळघर, वर दुकानं आणि त्यावर फ्लॅट असं ठरलंय. मला बोलावलं ते नेहमीच्या कामाला. बोअर मारायचे, खडक किती खोल आहे ते सांगायचं, जमीन किती वजन पेलेल त्याचा रिपोर्ट द्यायचा. बावीस वर्षं नाशकात मी हेच करतोय.

दुसऱ्या बोअरला एसपीटीची, म्हणजे जमिनीत ठोकून मातीचा नमुना काढायची, नळी उघडली आणि मशीनवरचा पोरगा म्हणाला, "साहेब, डिझेलचा कॅन लवंडला का?" कॅन टेम्पोत होता, झाकण घट्ट. वास नळीतल्या मातीला होता.

आता खरं सांगायला हवं. असा वास मला पहिल्यांदा आलेला नाही. काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका प्लॉटवर आला होता, तेव्हा मी रिपोर्टात 'काळसर मुरूम' एवढंच लिहिलं आणि बिल लावलं. तो मुरूम कुणाच्या तरी शेतात भराव म्हणून गेला. कुठं गेला ते मी विचारलं नाही. म्हणजे विचारायचं नव्हतं.

या वेळी थोरल्या भावांना फोन केला. अण्णा म्हणाले, "अहो, कुंभ तोंडावर आलाय, त्याच्या आत प्लिंथ तरी दिसू दे. माती तर काढायचीच आहे ना? वासासकट जाईल." ऐकायला बरोबर वाटतं. डंपरवाल्याचंही ठरलं होतं, मखमलाबादकडे कुणाला तरी भराव हवा होता, फुकटात उचलणार होता. द्राक्षबागेच्या बांधाला पेट्रोलची माती.

गावठाणाची जमीन वेगळीच असते. वरची काही मीटर ही मुळात जमीनच नाही, ती पांढर आहे. राख, खापरं, विटांचे तुकडे, शतकानुशतकांचा संसार. 1950-51 मध्ये पुरातत्त्वज्ञ सांकलियांनी इथल्या जुन्या गढीवर खणलं तेव्हा हेच थर उलगडत गेले. ही पांढर भुसभुशीत, तेल तिच्यातून सरळ खाली उतरतं. खाली मुरूम, त्याखाली भेगाळलेला काळा पाषाण. पाणी त्या भेगांतूनच चालतं. पुस्तकात शिकवतात की तीन बोअरमधली पाण्याची पातळी मोजा, उताराची दिशा कळते. आपल्या खडकात तीन बोअर तीन गोष्टी सांगतात.

म्हणून आधी माणसं शोधली. गॅरेजचे जुने मिस्त्री पंचवटीत राहतात. त्यांना रिक्षाने आणलं. त्यांनी चप्पल काढून पायानेच जागा दाखवली. "इथं हातपंप होता, पेट्रोलचा. टाकी काढली नाही, तोंडावर सिमेंट मारलं." मग मागच्या पत्र्याच्या शेडकडे बोट केलं. "तिकडं बंपरला क्रोमियम चढवायचे. हौदाचं पाणी? ते काय, मागं सोडायचे." जागेच्या कुठल्याच कागदावर यातलं काही नव्हतं.

या दोन वाक्यांनी तपासणीची यादी बदलली. पेट्रोल म्हणजे बेंझीन आणि त्याची भावंडं. शिवाय शिसं, कारण आपल्याकडे शिसेयुक्त पेट्रोल 2000 सालापर्यंत विकलं जात होतं. शेडमागे क्रोमियम. तो विरघळला की पाणी पिवळसर होतं, पण पिवळेपणा डोळ्याला दिसेपर्यंत पिण्याच्या पाण्याची मर्यादा, लिटरला 0.05 मिलिग्रॅम, कितीतरी मागे पडलेली असते.

शेजारच्या वाड्यात आड आहे. आजी एकट्याच असतात. मी बादली सोडली, त्या बाजूला उभ्या. पाण्यावर इंद्रधनुषी तवंग होता. लोखंडी पाण्यावरही असा तवंग येतो, म्हणून काडीने ढवळून बघायचं. लोखंडाचा असेल तर काचेसारखा तडकून त्याचे तुकडे होतात, तेलाचा तवंग पुन्हा जुळतो. हा जुळला. आजी म्हणाल्या, "पीत नाही रे मी. भांडी घासायला आणि तुळशीला. चैत्रात घासलेटासारखा वास मारतं, श्रावणात नाही मारत."

एवढं नेमकं निरीक्षण मला कुठल्या मशीनने दिलं नव्हतं. पेट्रोल पाण्यावर तरंगतं. उन्हाळ्यात पातळी खाली गेली की तेही खाली उतरतं, वाटेतल्या खडकाला लेप देत जातं. पावसाळ्यात पाणी वर चढतं आणि बराचसा लेप पाण्याखाली बुडून राहतो. श्रावणात वास नाही म्हणजे तेल गेलं असं नव्हे. एकाच ऋतूत नमुना घेतला तर अर्धीच गोष्ट कळते.

नमुने घेतले. पेट्रोलसाठी काचेच्या बाटल्या काठोकाठ भरून, आत बुडबुडा न ठेवता, बर्फाच्या पेटीत. धातूंसाठी प्लास्टिकच्या. रिपोर्ट आला. टाकीभोवती आणि आडात पेट्रोल. क्रोमियम फक्त शेडमागच्या मातीत, पाण्यात नाही. तेवढ्यावर मी देवाला नारळ फोडला.

मग अण्णांसमोर बसून क्रम उलटा केला. पोकलेन आधी नाही. आधी टाकी रिकामी करून, आतली वाफ घालवून बाहेर काढायची, कारण त्या वाफेला एक ठिणगी पुरते. मग टाकीभोवतीची माती वेगळी, शेडमागची वेगळी, स्वच्छ वेगळी, तिन्ही ढीग ताडपत्रीवर. मखमलाबादला गेलं तर फक्त तिसऱ्यातलं. पहिले दोन चाचणीत घातक निघाले तर रांजणगावच्या घातक कचऱ्याच्या केंद्रात. खर्च वजनावर, म्हणून ढीग मिसळले की बिल फुगतं. हे अण्णांना लगेच कळलं.

पाण्याचं समजायला वेळ लागला. तळघरासाठी मोटार लावली की आजूबाजूचं पाणी खड्ड्याकडे ओढलं जातं आणि आजींच्या आडातलं तेलही मागोमाग येतं. ते गटारात सोडलं की सरस्वती नाला, आणि नाल्यातून थेट गंगेत, म्हणजे आमच्या गोदावरीत. म्हणून उपसलेलं पाणी आधी तेल वेगळं करणाऱ्या टाकीत, मग कोळशाच्या गाळणीतून आणि तपासल्याशिवाय बाहेर नाही. जुलै 2025 मध्ये केंद्राने दूषित जागांसाठी वेगळे नियम काढलेत, ते छापून नेले होते. अण्णांनी चष्मा लावून दोन पानं वाचली आणि धाकट्याकडे सरकवली.

कंत्राटात या सगळ्याची वेगळी बाब घालायला लावली. नाहीतर ठेकेदार 'खोदकाम, दर ब्रासला' एवढंच बघतो आणि वास आला तर नाक धरून भरतो.

टाकी पुढच्या आठवड्यात निघेल. आजींना सांगून आलो, तुळशीला सध्या नळाचंच घाला. त्यांनी विचारलं, "आणि भांड्यांचं?" मी म्हटलं, तेही. "मग मोठा पिंप पाठवायला सांग तुझ्या अण्णाला." अण्णांना सांगितलं. परवा पिंप पोचलाय, निळा, दोनशे लिटरचा.