तुम्ही विचारलंत म्हणून: म्हाताऱ्या बॉक्सरांमध्ये एवढं काय ठेवलंय

लग्नात, जिममध्ये, आता तर भाच्याच्या मित्रांकडूनसुद्धा प्रश्न तोच येतो. तरुण टायसन सोडून तुम्ही ही पंचेचाळीस-अठ्ठेचाळीसची माणसं काय बघत बसता, आणि अंगातलं सगळं ओसरल्यावर ती जिंकतात तरी कशावर? बरं, मी तोंड उघडायच्या आत विचारणाराच उत्तर देऊन मोकळा होतो. "अनुभव हो, अनुभव! आणि जिद्द!" मग मी मान डोलावतो आणि जिलबी खातो. पण आता फार झालं, एकदा नीट लिहूनच टाकतो.

जिद्दीचं आधी. 2 ऑक्टोबर 1980, लास व्हेगास. मुहम्मद अली 38 वर्षांचा, समोर लॅरी होम्स, अलीचाच जुना स्पारिंग पार्टनर (म्हणजे सरावाला समोर उभा राहणारा). दहा राउंड झाले आणि तिन्ही जजपैकी एकानेही अलीला एक राउंड दिला नाही, शेवटी अलीचा ट्रेनर डंडी, त्यानेच कॉर्नरमधून लढत थांबवली. त्याच वर्षी जानेवारीत हा माणूस दिल्लीत येऊन आपल्या बॉक्सर कौर सिंगबरोबर एक्झिबिशन, म्हणजे दोस्तीची लढत, खेळून गेला होता. आता मला सांगा, त्या रिंगमध्ये अनुभव कुणाकडे जास्त होता, जिद्द कुणाकडे जास्त होती? जिद्द इतकी की होम्सनंतरही ऐकलं नाही, पुढच्या वर्षी बहामाजला जाऊन बर्बिककडून परत हरला. म्हाताऱ्या बॉक्सरला जिद्द जिंकून देते असं कुणी म्हणालं की माझं डोकं फिरतं ते ह्यामुळे. जिद्द त्याला स्टुलावरून उठवते, बस. उठून करायचं काय, ते जिद्द सांगत नाही.

मी स्वतःच एकेकाळी ह्याच्या उलट बोलत होतो, तेही कबूल करतो. पंचविशीत माझा देव रॉय जोन्स. हात खाली सोडलेले, हनुवटी उघडी, समोरच्याचा पंच नाकासमोरून जाऊ द्यायचा आणि कुठूनतरी उडी मारून लेफ्ट हुक. जॅब (पुढच्या हाताचा सरळ, झटपट पंच) हा प्रकार त्याला फारसा लागायचाच नाही, कारण तो दिसायच्या आधी पोचलेला असायचा. 1993 मध्ये त्याने बर्नार्ड हॉपकिन्सला पॉइंट्सवर हरवलं होतं आणि हॉपकिन्सला मी "मिठीमार" म्हणायचो. सारखा क्लिंच (समोरच्याला मिठी मारून अडकवणं), सारखं डोकं पुढे, रेफरीकडे तक्रार, बघायला कंटाळा. क्लबमध्ये मी जोन्ससारखे हात खाली सोडून खेळायचो आणि आमचे कोच, सर, पाठीमागून येऊन टपली मारायचे, "जोन्सचे हात खाली आहेत, तुझे पडलेत." मी हसायचो. 63.5 किलोत दोनदा स्टेटला खेळलो होतो, मला कोण शिकवणार!

मग मे 2004 मध्ये टार्व्हरने जोन्सला दुसऱ्याच राउंडमध्ये झोपवलं. एक लेफ्ट, विषय संपला. जोन्स पस्तीस वर्षांचा होता, म्हणजे काही म्हातारा नाही. पण त्याची सगळी इमारत रिफ्लेक्सवर उभी होती, आणि रिफ्लेक्स पाच टक्क्यांनी जरी कमी झाले तरी हात खालीच असतात ना, हनुवटी उघडीच असते. आणि तो मिठीमार? 2010 ला त्याच जोन्सला त्याने हरवलं आणि मे 2011 मध्ये मॉन्ट्रियलला जाऊन 28 वर्षांच्या पास्कालकडून टायटल घेतलं. वय 46, सगळ्यात म्हाताऱ्या जगज्जेत्याचा जॉर्ज फोरमनचा रेकॉर्ड मोडला, आणि मध्ये एका ब्रेकनंतर राउंड सुरू व्हायच्या आधी पुशअप्स मारल्या, नालायकपणा बघा. 48 ला क्लाउडला हरवलं, 49 ला शुमेनोव्हला. मी तरी म्हणत होतो की समोरचे कच्चे होते. चूक मान्य करायची नसली की माणूस समोरच्याचा कच्चेपणाच शोधतो.

आता मुद्द्याचा किस्सा. हा मी बऱ्याच जणांना सांगितलाय, पण पूर्ण नाही.

मी एक्केचाळीस वर्षांचा होतो, वजन 78. पुण्यातल्या आमच्या जुन्या क्लबमध्ये सकाळी जात होतो, पॅड्स, स्किपिंग, थोडी बॅग, आणि बाकी वेळ पोरांना ज्ञान. तोपर्यंत माझं पार्टीबदल झालेलं होतं, म्हणजे "स्पीड काय, अनुभव महत्त्वाचा" हे मीच सांगत सुटलो होतो (हो, वर ज्यावर चिडलो तेच). तिथे एक एकोणीस वर्षांचा पोरगा होता, ट्रायल्सची तयारी चाललेली, हात भन्नाट. एका रविवारी तो म्हणाला, काका, हलकं खेळायचं का दोन राउंड. माझी अकरा वर्षांची मुलगी बरोबर आलेली, तिच्या हातात माझा फोन, ती म्हणाली मी व्हिडिओ काढते. मग काय, नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता.

पहिलं दीड मिनिट झकास गेलं. दोन जॅब बसले माझे. तिसऱ्यानंतर मला वाटलं की पोराचं टायमिंग मला कळलं, आणि मी, लाज वाटते लिहायला, डावा हात खाली सोडला. त्याचा उजवा निघाला. तो मला दिसला. हे महत्त्वाचं आहे कारण लोकांना वाटतं की वय झालं की दिसत नाही. स्वच्छ दिसला, खांदा वळला, टाच उचलली, ग्लोव्ह निघाला, मी मनात म्हणालो की मागे झुक, आणि पुढचं मला आठवतंय ते छताच्या पंख्याचा कडकड आवाज आणि गमशील्डची रबरी चव. पडलो नाही, एक गुडघा टेकला. पोरगा सॉरी सॉरी करत होता. मुलगी रडली नाही, शूटिंगही थांबवलं नाही, तिला वाटलं हे असंच असतं.

तो व्हिडिओ मी रात्री स्लो करून बघितला. पंच लागून गेल्यावर मी मागे झुकतोय! आधी लागतोय, मग मी चुकवतोय. अगदी स्टाइलमध्ये चुकवतोय, जोन्ससारखा, पण जो पंच येऊन गेला तो.

पण त्या सकाळी त्याच्या आधी जे झालं ते राहिलं. मी दोरीला टेकून पाणी पीत होतो आणि सर म्हणाले, "आण ते ग्लोव्हज." सर तेव्हा अठ्ठावन्नचे. फौजेत बॉक्सिंग केलेलं, नंतर सगळं आयुष्य पोरं घडवण्यात. चष्मा काढला, टोपीत ठेवला, हेडगिअर घातलं आणि आत गेले.

ते उड्या मारत नव्हते, चालत होते. भाजी आणायला निघाल्यासारखे. पोराचे पाय मारण्यासाठी टेकले रे टेकले की सर अर्धं पाऊल मागे किंवा बाजूला, फक्त अर्धं, म्हणजे पोराला परत पाय जुळवणं आलं. तो परत जुळवायचा, हे परत अर्धं पाऊल. पोराचा जॅब निघायच्या आधीच उजव्या ग्लोव्हने तो वरून दाबायचे, दारातून बाहेर पडणाऱ्याला हाताने थोपवावं तसं. आणि जवळ आला की कुस्तीतल्या गर्दनखेचसारखी मान धरून सगळं वजन त्याच्यावर टाकायचे, चार-पाच सेकंद, कानात काहीतरी बोलायचे, सोडायचे. सरांनी त्या राउंडमध्ये दहा-बारा पंच मारले असतील, बहुतेक जॅब, तेही छातीवर आणि पोटात. तीन मिनिटांनी धापा पोरगा टाकत होता, एकोणीस वर्षांचा, रोज आठ किलोमीटर पळणारा. कारण पळणं त्याच्या दमाने होतं आणि हे सरांच्या दमाने चाललं होतं.

बाहेर आल्यावर मी विचारलं तर म्हणाले, "त्याला पाय लावूच दिला नाही. पाय लागला नाही तर मारणार कशानं?"

तर माझं उत्तर हेच आहे. म्हातारा तरुणाशी स्पीडची शर्यत लावत नाही, शर्यतच होऊ देत नाही. अनुभव ह्या एका शब्दात हे मावत नाही, अनुभव मलाही होताच की. माझ्याकडे जुन्या सवयी होत्या आणि त्यांनाच मी अनुभव म्हणत होतो. सरांनी काय काय सोडलं होतं ते बघा. नाचरं फुटवर्क सोडलं, एकापाठोपाठ पंचांची कॉम्बिनेशन सोडली, पोरांपुढे छान दिसणं सोडलं. कुठला माणूस काय सोडू शकतो ह्यावर सगळं आहे, आणि जोन्सला हात वर घेणं म्हणजे जोन्स असणंच सोडण्यासारखं होतं.

फोरमनचंच बघा. 1974 चा फोरमन, किन्शासात अलीवर धावून जाणारा, आठव्या राउंडपर्यंत रिकामा झाला. 1977 मध्ये सोडलं, चर्चमध्ये प्रवचनं दिली, दहा वर्षांनी परत आला तेव्हा पोट सुटलेलं, डोकं तुळतुळीत, लोक हसले. पण आता तो घाई करत नव्हता. राउंडच्या मध्ये स्टुलावर बसायचाही नाही, उभा राहायचा. हात समोर आडवे धरायचा, जुना चॅम्पियन आर्ची मूर, त्याची ती तऱ्हा, किन्शासात ह्याच्याच कॉर्नरला होता तो मूर. (त्या मूरने स्वतः 1958 मध्ये डुरेलकडून पहिल्याच राउंडमध्ये तीनदा खाली पडून अकराव्यात त्याला नॉकआउट केलं होतं, चाळिशी उलटून गेल्यावर, किती ते नक्की नाही, कारण त्याच्या जन्मसालावर त्याचं आणि त्याच्या आईचंही एकमत नव्हतं.) 5 नोव्हेंबर 1994, समोर हेवीवेट चॅम्पियन मायकेल मूरर, वय 26, डावखुरा. दहावा राउंड आला तेव्हा तिन्ही जजच्या कार्डावर फोरमन मागे. पण तो सगळा वेळ जॅब टाकत राहिला, संथ, जड, आणि मूरर हळूहळू त्याच्यासमोर उभा राहायला लागला. काही होत नाही म्हटल्यावर माणूस उभा राहतोच. मग दोन उजवे, दुसरा आखूड, हनुवटीवर. मी कॉलेजात असताना ह्याला मटका लागला म्हणायचो. आता म्हणतो की मूररला तिथे उभं करायला नऊ राउंड लागले. ताकद सगळ्यात शेवटी जाते असं बॉक्सिंगमध्ये म्हणतात, ते खरंय, पण ताकद न्यायची कुठे ते ठरवायला ते नऊ राउंड.

इतकं लिहून इथे थांबलो असतो तर बरं झालं असतं.

त्या सकाळी दुसऱ्या राउंडमध्ये सरांना दोन हुक लागले. डाव्या कानशिलावर, एकापाठोपाठ. पोराला वाईट वाटलं, त्याने हात आखडता घेतला, आणि सर म्हणाले, "थांबायचं नाही." हेडगिअर सरकलं होतं ते मी नीट करून दिलं. मीच. हा किस्सा मी पन्नास वेळा सांगितलाय आणि ते दोन हुक पन्नासही वेळा गाळलेत, कारण ते असले की गोष्टीची मजा जाते.

सर आता सहासष्टचे आहेत. गेल्या दिवाळीत फराळाला गेलो तर त्यांनी मला विचारलं, तू कुठल्या वजनात खेळायचास रे? मी म्हणालो 63.5. पाच मिनिटांनी परत, चहा येईपर्यंत तिसऱ्यांदा. डॉक्टर म्हणतात की वयानेही होतं, बॉक्सिंगमुळेच असं छातीठोक सांगता येणार नाही. काकूंना ते उत्तर पुरत नाही. त्या मला स्वयंपाकघरात म्हणाल्या, "त्या वयात कशाला जायचे रे ते रिंगमध्ये? तुम्ही सगळे होतात ना तिथे?" मी म्हणालो, काकू, ते फार भारी खेळायचे. त्यांनी चकल्यांचा डबा लावला आणि दुसरं काहीतरी बोलायला लागल्या.

म्हणजे मी तुम्हाला जे सांगतोय, की म्हातारा मार कमी खातो म्हणून जिंकतो, ते कितपत खरं आहे? कमी म्हणजे किती? हॉपकिन्स एवढा हुशार, तरी 51 व्या वर्षी जो स्मिथने त्याला दोरांमधून रिंगच्या बाहेर पाडलं, डोक्यावर आपटला. तेव्हाही कुणीतरी थांबवायला हवं होतं आणि तेव्हाही माझ्यासारखे लोक भारी भारी म्हणत बसले होते. पण मग सरांना कुणी थांबवलं असतं तर ते थांबले असते का, आणि पोराबरोबरचा तो पहिला राउंड झालाच नसता तर बरं झालं असतं का? मला हो म्हणता येत नाही. नाही म्हणायची लाज वाटते.

दिवाळीनंतर मी फोरमन-मूरर लावलीच नव्हती. परवा रात्री लावली. ह्या वेळी फोरमनने मारलेले नाही, त्याला लागलेले मोजत होतो. चौथ्या राउंडमध्ये आकडा चुकला, परत पहिल्यापासून सुरू केलं, मग परत चुकला.