लिहायला कधी घेणार?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते आहे. बालवाडीच्या फाटकाशी, मंडईत, एकदा तर मयताच्या घरीसुद्धा हा प्रश्न मला विचारला गेला आहे: "ताई, आमचा चार वर्षांचा झाला. शेजारची त्याच्याच वयाची मुलगी बाराखडी लिहिते. तुम्ही लिहायला कधी घेणार?" मी दर वेळी "घेऊ हं, जरा हात तयार होऊ दे" म्हणते. ती तुम्हाला टोलवाटोलवी वाटते, हे मला चेहऱ्यावरून कळतं.

मी अक्षरं शिकवत नाही, हे खरं नाही. पहिल्या आठवड्यापासून शिकवते. दप्तरात वही नसते म्हणून तुम्हाला ती दिसत नाहीत. परातीत बारीक वाळू पसरून मुलं बोटानं ग काढतात. पूर्वी धूळपाटीवर हेच चालायचं, आणि माँटेसरीबाईंनी पॉलिशपेपरची खरखरीत अक्षरं केली तीही बोट फिरवायलाच. चुकलं तर परात हलवायची, झालं. कुणी लाल शाईनं फुली मारत नाही. फरशीवर खडूनं हातभर म काढला की मुलं त्याच्यावर चिंचोके मांडत जातात. चिंचोका उचलताना अंगठा आणि दोन बोटांची जी चिमूट होते, तीच पुढे पेन्सिल धरते. रांगोळी सोडताना तीच, वाती वळताना तीच. फडकं पिळताना मनगटाला बळ येतं. "नुसते मटार सोलायला लावता" असं ज्यांनी मला ऐकवलं, त्यांना माझं हे उत्तर आहे.

अ पासून सुरुवात का नाही, हेही विचारता. अ मध्ये दोन अर्धगोल, आडवी रेघ, उभी रेघ, वर शिरोरेघ. हात उचलून पुन्हा नेमक्या जागी टेकवावा लागतो. ग म भ न या चौघांना मात्र उजवीकडे उभी रेघ आणि डावीकडे गाठ. एक वळण हाताला बसलं की चार अक्षरं येतात, आणि लगेच मग, मन, नभ, गगन वाचता येतं. वाचता आलं की मुलाच्या डोळ्यांत जे येतं ते एकदा वर्गात येऊन बघा.

पण मी पहिल्यापासून अशी नव्हते. १९९८ साली मी एका नावाजलेल्या शाळेच्या शिशुवर्गात लागले. दिवाळीपर्यंत अ ते ज्ञ वहीत उतरले पाहिजेत, असा तिथे दंडक होता. तो मला तेव्हा जाचक वाटायचा असं म्हणायला आवडलं असतं, पण नाही. माझ्या वर्गाच्या वह्या सगळ्यांत सुबक असत आणि मला त्याचा अभिमान होता.

त्या वर्गात साडेतीन वर्षांचा एक मुलगा होता. बोलायला चुणचुणीत, पण पेन्सिल मुठीत धरायचा, मुसळासारखी. मी त्याची बोटं सोडवून नीट बसवायची, दोन अक्षरांनी पुन्हा मूठ. एके दिवशी त्याचं अ चं पान अर्धं राहिलं. मधली सुट्टी झाली, मुलं डबे घेऊन बाहेर गेली, मी त्याला बसवून ठेवलं. "बाई, हात दुखतोय." मी म्हटलं, खेळताना बरा दुखत नाही! मग त्याच्या मुठीवर माझा हात दाबून धरला आणि उरलेलं पान त्याच्या हातानं मी लिहिलं. तो रडला नाही. त्याचा हात लाकडासारखा कडक झाला होता, ते माझ्या तळव्याला अजून आठवतं. पान सुंदर आलं. खाली मी 'छान' असा शेरा दिला.

दुसऱ्या दिवशी तो उजवा हात मांडीखाली घालून बसला. मी जवळून गेले की हात आणखी आत सरकायचा. आठवड्यानं त्याची आई आली, भांडायला नाही, विचारायला. "बाई, हा हल्ली डाव्या हातानं जेवतो. सासूबाई रागावतात. वर्गात काही लागलं का हो त्याला?" मी म्हटलं, "नाही." आणि खरंच कुठे लागलेलं नव्हतं. वर्ष संपेपर्यंत त्यानं माझ्यासमोर खडूसुद्धा उचलला नाही. पुढे वडिलांची बदली झाली. तो आता तिशीत असेल.

नंतर एका डॉक्टर पालकांनी सांगितलं की मनगटात आठ लहान हाडं असतात, जन्मतः ती सगळी कूर्चा असते आणि तीन वर्षांच्या मुलात त्यातली जेमतेम तीन-चार हाडं झालेली असतात. मी बरीच वर्षं पालकसभेत हे ठासून सांगत होते. आता जरा जपून सांगते, कारण लिहिणं काही एकट्या हाडांवर अडत नाही. ताकद आधी खांद्यात, मग मनगटात, मग बोटांत येते, आणि तीन बोटांची पकड बहुतेक मुलांत चार ते सहा वर्षांच्या दरम्यान बसते. चार आणि सहा यांत दोन वर्षांचं अंतर आहे. शेजारची मुलगी त्या अंतरात कुठेतरी आहे, तुमचा मुलगा कुठेतरी.

आणि तरी १९९८ ची ती बाई मला अधूनमधून विचारते, की एका मुलाच्या धसक्यानं तू किती मुलांना अडवून धरलंस? एक मुलगी होती, पावणेचार वर्षांची. तिला पेन्सिल हवी होती, रोज मागायची. मी तिला खडू द्यायची. तिनं घरी अंगणात काडीनं स्वतःचं नाव काढलं, तिच्या आजोबांनी मला नेऊन दाखवलं. सुरेख होतं. तिला पेन्सिल न देणं कुणासाठी होतं, तिच्यासाठी की माझ्यासाठी?

गेल्या वर्षी एक आजी आल्या. त्यांचा नातू माझ्याकडून पहिलीत गेला होता. फळ्यावरचं उतरवून घ्यायला त्याला वेळ लागतो, म्हणून त्याला शेवटच्या रांगेत बसवलं होतं. "तुमचं सगळं बरोबर असेल हो ताई," त्या म्हणाल्या, "पण तिथे तर त्याला एकट्यालाच बसावं लागतं ना?" मी त्यांना चहा विचारला. दुसरं काही मला सुचलं नाही, आणि अजूनही सुचलेलं नाही.