आमची वाटचाल : व्हाइटबार्क पाइनची रोपवाटिका

नारायणगावकडे टोमॅटोचं रोप महिन्याभरात तयार होतं. शेतकरी गाडी घेऊन येतो, हिशेब मिटतो. त्याच धंद्यात वाढलेले आम्ही नवराबायको आज अमेरिकेतल्या मोंटाना राज्याच्या बिटररूट खोऱ्यात व्हाइटबार्क पाइन या चिडाच्या जातीच्या झाडाची रोपं करतो, आणि इथं एक ट्रे गिऱ्हाइकाकडे जायला दोन-तीन वर्षं लागतात. तोवर पगार, पाणी, हीटरचं बिल, सगळं खिशातून. त्यामुळे आमचं पोट भरलं ते लॉजपोल पाइनवर. तो एका हंगामात निघतो.

व्हाइटबार्क डोंगरमाथ्यावरचा. जिथं बाकीची झाडं हात टेकतात, तिथं हा शेकडो वर्षं उभा असतो. त्याला मारतोय तांबेरा, म्हणजे बुरशीचा रोग. गव्हावरचा नव्हे, पण जातकुळी तीच. १९१० च्या सुमारास फ्रान्सहून कॅनडातल्या व्हँकुव्हरला आलेल्या पाइनच्या रोपांबरोबर तो उत्तर अमेरिकेच्या पश्चिम भागात शिरला, म्हणजे आमच्याच धंद्याच्या मालातून! या बुरशीचं अर्धं आयुष्य करंट नावाच्या फळझुडपावर जातं, म्हणून शेडच्या आसपास करंट दिसला की उपटायचा. शिवाय खोड पोखरणारे भुंगे आणि वाढती उष्णता आहेच.

खरी ओढाताण बियांची. याचा शंकू, म्हणजे बिया धरणारं बोंड, आपोआप उघडत नाही. क्लार्क्स नटक्रॅकर हा कावळ्याच्या कुळातला पक्षी तो फोडतो, बिया जमिनीत पुरतो, आणि खायच्या राहिलेल्या बियांतून जंगल उगवतं. आपल्याला बी हवं तर उन्हाळा लागताच झाडावर चढून शंकूंना जाळी बांधायची, नाहीतर सप्टेंबरपर्यंत पक्षी आणि खारी काही शिल्लक ठेवत नाहीत. तेही कुठल्याही झाडाचं चालत नाही. आजूबाजूची तांबेऱ्यानं वाळली तरी जे तगलं, त्याचंच. त्याची संतती टिकते का, हे रोपांवर मुद्दाम तांबेरा पसरवून तपासतात. आयडाहोतल्या सरकारी रोपवाटिकेत हे काम वर्षानुवर्षं चालू आहे. आमच्या प्रत्येक ट्रेवर आईझाडाचा नंबर असतो. नंबर पुसला गेला तर तो ट्रे विक्रीला जात नाही, मग रोपं कितीही देखणी असोत.

बी आधी भिजवायचं, मग महिनाभर उबेत, पुढे दोन-तीन महिने ओलसर थंडीत. तरीही टरफल दाद देत नाही. मग ब्लेडनं एकेका बीला चीर द्यायची. आतला पांढरा गर दिसला की हात थांबलाच पाहिजे. बायकोचा हात हलका, म्हणून ते टेबल तिचं. मी ट्रे भरतो.

डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारनं या झाडाची धोक्यातल्या प्रजातींत नोंद केली, तेव्हापासून बंगलेवालेही विचारायला येतात. शंकू चांगले धरायला झाडाला काही दशकं लागतात आणि खालच्या उबदार अंगणात ते रमत नाही, हे सांगून आम्ही त्यांना पाँडेरोसा पाइन दाखवतो. स्वस्तही पडतो.