पिंपळाभोवतीचे पेव्हर ब्लॉक

आषाढ पौर्णिमा, रात्री साडेदहा

आजपासून वर्षावास, म्हणजे भिक्खूंनी पावसाळ्याचे तीन महिने एका जागी राहायचं. संध्याकाळी विहारात ग्रंथवाचन सुरू झालं. आत्या पहिल्या रांगेत, साडी पोटरीपर्यंत ओली, कारण अंगणात घोटाभर पाणी. उन्हाळ्यात तिथे पेव्हर ब्लॉक बसवले, पार पिंपळाच्या बुंध्याला टेकवून. वीतभरही माती उरली नाही. वर्गणी मीही दिली होती, हेही लिहून ठेवतो.

वाचन झाल्यावर भन्तेजींनी विनयपिटकातली, म्हणजे भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथातली गोष्ट सांगितली. भर पावसात भिक्खू हिंडायचे, कोवळं गवत तुडवायचे, बारीकसारीक जीव पायाखाली मरायचे. लोक कुरकुरले, पाखरंसुद्धा पावसाळ्यात झाडाच्या शेंड्यावर घरटं करून गप बसतात, यांनाच काय झालंय? मग तीन महिने एका जागी राहायचा नियम आला. झाडंझुडपं तोडू नयेत या नियमाचंही तेच. आळवी गावचे भिक्खू बांधकामासाठी झाडं तोडत होते, लोकांनी नावं ठेवली, बुद्धांनी मनाई केली.

बांधकाम म्हटल्यावर मी खिडकीतून पिंपळाकडे पाहिलं.

धम्म आणि पर्यावरण या विषयावरच्या व्याख्यानांत मैत्री, करुणा, प्रतीत्यसमुत्पाद (सगळं एकमेकांवर अवलंबून असतं हा विचार) येतात. खोटं नाही त्यात काही. पण मला या तक्रारी जास्त जवळच्या वाटतात. लोकांनी बोलून दाखवलं आणि संघाने ऐकलं.

मागच्या पावसाळ्यात कान्हेरीला गेलो होतो. तिथे बऱ्याच लेण्यांच्या दारातच पाण्याचं टाकं आहे. जुन्या शिलालेखांत त्याला पोढी म्हणतात. कातळात खोदलेल्या एका पन्हळीत मी बोट धरलं, तर पाणी बोटाला वळसा घालून सरळ टाक्यात. कातळच तो, थेंब मुरणार नाही. त्यांनी त्यातही पाण्याला जागा कोरून दिली. आमच्याकडे आयती माती होती, ती आम्ही पैसे मोजून बुजवली!

निघताना कमिटीतल्या काकांना विचारलं, बुंध्याभोवतीचे तेवढे ब्लॉक काढूया का?

"चिखल होईल रे."

आत्या साडीचा काठ पिळत होती. "आन आत्ता काय लई कोरडं हाय?"

काका हसले. रविवारी पहार घेऊन ये म्हणाले. पहार आमच्याकडे नाही. खालच्या गॅरेजवाल्याकडे असेल, उद्या विचारतो.