तुम्ही विचारलंत म्हणून: डुकरांचे खाद्य बदलून काय साधते?

पशुपोषण हा माझा विषय असल्यामुळे मला नेहमी विचारले जाते, की युरोपातले वराहपालक खाद्य बदलून प्रदूषण कमी केल्याचे सांगतात, त्यात तथ्य किती? तथ्य आहे आणि ते पुष्कळ आहे. मात्र कोणते प्रदूषण, हे आधी पाहावे लागते.

अमोनियाचेच घ्या. डुकराची खरी गरज ॲमिनो आम्लांची, म्हणजे प्रथिने ज्यांची बनतात त्या घटकांची असते. गहू-मक्यात त्यांपैकी लायसिन कमी पडते आणि ते भरून काढायला सोयाबीन पेंड वाढवली, की बाकीची ॲमिनो आम्ले गरजेबाहेर जातात व त्यांतला नायट्रोजन युरिया होऊन मूत्रातून बाहेर पडतो. गोठ्याच्या फरशीवर हे मूत्र विष्ठेत मिसळताच विष्ठेतले युरिएज हे विकर त्या युरियापासून अमोनिया तयार करते. डोळ्यांना झोंबतो तो हाच वायू, आणि पुढे आसपासच्या माळरानांवर व जंगलांवर नको तेवढा नायट्रोजन उतरतो तोही यातूनच. पेंड कमी करून लायसिन, थ्रिओनिन ही ॲमिनो आम्ले वेगळी मिसळली, तर खाद्यातील प्रथिनांचे प्रमाण एका टक्क्याने (म्हणजे 16 टक्क्यांवरून 15 वर, असे) उतरवल्यावर अमोनिया साधारण 10 टक्क्यांनी घटतो. विष्ठेवर नंतर प्रक्रिया करण्यापेक्षा हा मार्ग मला कितीतरी शहाणपणाचा वाटतो.

फॉस्फरसचेही तसेच आहे. धान्यातला सुमारे दोन तृतीयांश फॉस्फरस फायटेट या संयुगामध्ये अडकलेला असतो आणि डुकराला तो फारसा पचत नाही. खाद्यात फायटेज हे विकर घातले, की तो सुटतो, वरून खनिज फॉस्फेट कमी घालावे लागते आणि पाण्यात शेवाळ माजवणारा फॉस्फरस विष्ठेतून कमी जातो.

सोयाबीन पिकवायला जंगल तोडून जमीन काढली जाते, तो प्रश्न मात्र याने पूर्ण सुटत नाही. ॲमेझॉनमधील नव्या जंगलतोडीवरचे सोयाबीन न घेण्याचा करार व्यापाऱ्यांनी 2006 मध्ये केला, पण ब्राझीलचाच सेराडो हा गवताळ-वृक्षांचा प्रदेश त्याबाहेर राहिला आणि तिथली तोड चालूच राहिली. म्हणून माणसांच्या उरलेल्या अन्नाकडे मी आशेने पाहतो, कारण त्यासाठी नव्याने जमीन नांगरावी लागत नाही. 2001 मधील लाळ्या-खुरकुताच्या साथीनंतर युरोपने उष्टे-खरकटे डुकरांना घालण्यावर बंदी आणली. जपानने मात्र अन्न तापवून, निर्जंतुक करून ते वापरण्याची शिस्त बसवली. अर्धवट तापवलेल्या अन्नातून आफ्रिकन स्वाइन फीवर हा डुकरांचा जीवघेणा विषाणूजन्य रोग पसरू शकतो, त्यामुळे ही सवलत घरोघरच्या बादल्यांना न देता परवानाधारक प्रक्रिया केंद्रांनाच द्यावी, असे माझे मत आहे.