ईव्हल कनीव्हलच्या उडीची जागा: ट्विन फॉल्सला गेलात तर कुठे उभं राहायचं, काय बघायचं

आयडाहोतल्या ट्विन फॉल्सला येणारे बरेचजण पेरीन पुलावर उभे राहतात, खाली स्नेक नदीकडे बघतात आणि अमेरिकी मोटरसायकल-स्टंटमन ईव्हल कनीव्हलने ही दरी ओलांडण्यासाठी केलेली, फसलेली प्रसिद्ध उडी इथूनच मारली असं समजून परत फिरतात. उडी पुलावरून झालेली नाही. सध्याचा पूल १९७६ सालचा, उडी ८ सप्टेंबर १९७४ची. खरी जागा पुलापासून पूर्वेला साधारण दीड मैलावर, दरीच्या दक्षिण कड्यावर आहे. तिथे मातीचा मोठा उंचवटा अजून शाबूत आहे. दरीच्या तोंडावर एवढा उंच, माणसाने रचलेला भराव दुसरा दिसत नाही, त्यामुळे तो चुकत नाही.

आय-८४ महामार्गावर एक्झिट १७३ला उतरा आणि यूएस-९३ने दक्षिणेकडे या. पूल ओलांडला की लगेच उजव्या हाताला पर्यटक केंद्र लागतं. गाडी तिथे लावावी आणि कॅनियन रिम ट्रेल धरून पूर्वेकडे चालत निघावं. वाट कड्याच्या वळणांप्रमाणे जाते, म्हणून चाल दीड मैलापेक्षा थोडी जास्त भरते. जाऊन-येऊन, थांबत-बघत, दोन तास हाताशी ठेवा. झाडांची सावली जवळजवळ नाही. टोपी आणि माणशी निदान एक लिटर पाणी लागतंच.

निघण्याआधी मात्र पुलावरून एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून या. पुलाची लांबी १,५०० फूट आहे. उडीच्या जागी दरी सुमारे १,६०० फूट रुंद आहे, म्हणजे पुलापेक्षा थोडी जास्तच. कड्यावर उभं राहून पलीकडचा काठ बघितला तर अंतर नेहमी कमी वाटतं, कारण मध्ये नजरेला आधार काहीच नसतो. पूल पायांनी मोजला की मग तो पलीकडचा काठ किती लांब आहे हे नीट कळतं.

उंचवट्यापाशी पोचलात की आधी त्याचा रोख बघा: तो सरळ उत्तरेकडे, पलीकडच्या कड्याकडे आहे. याच्यावर १०८ फुटी रूळ ५६ अंशात उभा केला होता. तो आता नाही, फक्त माती राहिली आहे. त्यामुळे मातीचा उतार बघून उड्डाणाचा कोन ठरवू नका, रूळ त्याहून बराच उभा होता. आणि त्यावरून गेली ती मोटरसायकल नव्हती. रॉबर्ट ट्रुअ‍ॅक्स या रॉकेट-अभियंत्याने बनवलेलं वाफेचं रॉकेट होतं, ‘स्कायसायकल एक्स-२’. बंद टाकीतलं पाणी ५०० अंश फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे २६० सेल्सिअसपर्यंत तापवायचं. त्या तापमानाला पाणी द्रवच राहावं म्हणून दाब वातावरणाच्या सेहेचाळीस पटींच्या आसपास जातो. मागची तोटी उघडली की दाब उतरतो, पाणी क्षणात उकळून वाफ होतं आणि त्याचा झोत यानाला पुढे ढकलतो. ना ज्वाला, ना इंधन. मला ही कल्पना आजही फार आवडते.

बिघडलं ते पॅराशूट. दुपारी ३ वाजून ३६ मिनिटांनी यान सुटलं आणि रूळ सोडता सोडताच ड्रोग पॅराशूट, म्हणजे मोठ्या छत्रीच्या आधी उघडणारी लहान छत्री, बाहेर आली. तिने यानाचा वेग खाल्ला. तरीही ते उत्तर कड्यापर्यंत पोचलं होतं, ही गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. तिथून वाऱ्याने ते मागे ओढलं. वारा वायव्येचा होता. उंचवट्यापाशी उत्तरेकडे तोंड करून उभे राहा. वायव्येचा वारा असेल तर तो डाव्या गालावर, समोरून येतो. छत्रीला लोंबकळणाऱ्या यानाला तो कुठे नेणार हे तिथे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. ते परत दक्षिण बाजूलाच, तळाशी, पाण्यापासून काही फुटांवर आदळलं. पट्टे अडकल्यामुळे कनीव्हलला स्वतःहून सुटता येत नव्हतं. पाण्यात पडता तर बुडालाच असता. वाचला, तोही किरकोळ जखमांवर.

यान पडलं तो भाग उंचवट्यावरून दिसत नाही, कारण तो तुमच्याच पायाखालच्या कड्याच्या बुडाशी आहे. दिसावा म्हणून वाकून बघणं हीच इथली सगळ्यात धोक्याची गोष्ट. कडा बसाल्टचा, जवळजवळ सरळ तुटलेला, खाली सुमारे ५०० फूट. काठावरचे दगड सैल असतात आणि सगळीकडे कठडा नाही. त्यापेक्षा वाटेने थोडं मागे या आणि जिथे कडा आत वळतो तिथून तिरकं बघा, ८ किंवा १० पट दुर्बिणीने. गवतात रॅटलस्नेक असू शकतात, म्हणून उन्हाळ्यात आखलेली वाट सोडू नये. कुंपण किंवा पाटी असेल तिथे थांबायचं.

फोटोसाठी दुपार बरी. ऊन पाठीमागून येतं आणि समोरचा उत्तर कडा पूर्ण उजळतो. तुमच्या बाजूची भिंत सावलीतच राहते, तिच्यासाठी वेळ घालवू नका.

यानाचा आराखडा मुळात चुकीचा होता का, हा वाद चाळीस वर्षं चालला. १६ सप्टेंबर २०१६ला एडी ब्रॉन या स्टंटमनने ट्रुअ‍ॅक्सच्या मुलाने, स्कॉटने, बांधलेल्या तशाच वाफेच्या रॉकेटमधून ही दरी पार केली आणि पलीकडे पॅराशूटने सुखरूप उतरला. माझ्या मते वाद तिथे संपला.

वेळ उरला तर तसंच पूर्वेला शोशोनी धबधब्यापर्यंत जा. उंची २१२ फूट, नायगारापेक्षा जास्त. पण एप्रिल ते जूनमध्येच. नंतर वरच्या अंगाला पाणी शेतीकडे वळवतात आणि बऱ्याचदा नुसता खडक बघायला मिळतो.